घरकुलात कोणतं पाणी घालता?

रमाई आवास किंवा पंतप्रधान आवासच्या यादीत नाव लागलं, पहिला हप्ता खात्यावर आला, की घरात एकच घाई सुरू होते. मिस्त्री कोण, रेती कुठून, सिमेंट उधार कोण देतो, पावसाच्या आत स्लॅब पडेल का. पाण्याचा विषय मात्र कोणी काढत नाही. समोर बोर आहे, पाइप लावला, झालं. आरोग्याच्या पानावर बांधकाम कशाला, असं काहींना वाटेल. पण २६९ चौरस फुटांच्या त्या घरात आपली लेकरं झोपणार, खोकणार, अभ्यास करणार आहेत. आणि घरकुल एकदाच मिळतं.

आपल्या जिल्ह्यात घाटावरचं पाणी वेगळं, घाटाखालचं वेगळं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत बोरचं पाणी तोंडात धरवत नाही. लोणार सरोवराचं पाणी खारं, हे शाळेतल्या पोराला पाठ असतं. घरामागच्या बोरचं पाणी खारं आहे, हे मात्र सवयीनं जाणवेनासं होतं. या पट्ट्यात किडनीच्या आजारावर बोलणं होतं, वान धरणावरच्या १४० गावांच्या योजनेवर बोलणं होतं. तेच पाणी आपण स्लॅबमध्ये ओततो, त्यावर कोणी बोलत नाही.

खाऱ्या पाण्यात क्लोराइड असतं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईभोवती एक संरक्षक थर तयार होतो, त्यामुळे ती गंजत नाही. क्लोराइड तो थर तोडतं. सळई आतल्या आत गंजते, गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. स्लॅबला सळईच्या रेषेत तडा, तपकिरी डाग, मग एक दिवस पोपडा खाली. हे दहा-बारा वर्षांनी दिसतं, तेव्हा मिस्त्रीही सापडत नाही आणि इंजिनिअरही बदलून गेलेला असतो. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. आता पिण्याच्या पाण्याचं मानक बघा: २५० पर्यंत चांगलं, पण दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे जे पाणी लोखंडाला चालत नाही, ते नाइलाज म्हणून माणसाला चालतं. याचा राग आला पाहिजे.

पाणी तपासणं अवघड नाही. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण दिलेलं आहे, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. ज्या समाजानं १९२७ ला महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्यानं बोरच्या पाण्याचा रिपोर्ट मागायला लाजू नये. क्लोराइडचा आकडा कागदावर लिहून घ्या.

आकडा जास्त निघाला तरी घाबरू नका, कारण हिशेब आपल्या बाजूचा आहे. एवढ्या घराच्या स्लॅबला आणि बीमला मिळून साधारण ३० पोती सिमेंट लागतं असं धरू. एका पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी पुरे. म्हणजे कालवायला जेमतेम ८०० लिटर, चार ड्रम. एवढं नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणी कोणत्याही घराला साठवता येतं. खारं पाणी टाळायचं ते आधी स्लॅब, बीम आणि कॉलममध्ये, कारण सळई तिथे आहे. मिस्त्री "पातळ करा, माल सरकत नाही" म्हणून बादल्या ओततो, त्याला तिथेच थांबवा. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. सळईखाली दगडाची खपली ठेवू देऊ नका. सिमेंटचे कव्हर ब्लॉक घ्या, स्लॅबला पाऊण इंचाचे, बीमला एक इंचाचे. घरीही पाडता येतात.

पाणी मारण्याचं काम बहुतेक घरात बाईकडे येतं, म्हणून हे तायांसाठी. हल्ली मिळणारं सिमेंट बहुधा पीपीसी असतं. त्याला निदान १० दिवस ओलावा लागतो, मे महिन्यात त्याहून जास्त. सकाळी एकदा पाणी शिंपडून मजुरीला गेलं की दुपारी स्लॅब कोरडा ठणठणीत. त्यापेक्षा जुनी पोती ओली करून अंथरा, वर प्लॅस्टिक टाका आणि कडेला दगड ठेवा. निम्म्या पाण्यात काम होतं. आळी करून पाणी तुंबवलं असेल तर तीन-चार दिवसांनी ते काढून ताजं भरा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. बांधकामाचा ड्रम आठवड्यातून एकदा घासून कोरडा करा. सेंट्रिंगचं भाडं वाचावं म्हणून टेकू लवकर काढू नका: स्लॅबखाली निदान ७ दिवस, बीमखाली १४, आणि पीपीसी असेल तर त्याहून थोडे जास्तच.

ज्यांचं घर आधीच उभं आहे, त्यांची तक्रार वेगळी असते: भिंतीला खालून लोणा लागतो, पांढरी पूड सुटते, गिलावा फुगतो. जमिनीतली ओल विटांतून वर चढते आणि वाळताना मीठ मागे सोडते. त्यावर ऑइलपेंट मारला तर ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. फुगलेला गिलावा खरवडून काढा, भिंत उन्हाळाभर वाळू द्या, मग साधा चुना लावा. न्हाणीचं आणि वळचणीचं पाणी पायापासून दूर काढा. काळ्या मातीत तर हे हवंच, ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंती तडकतात. नवं घर असेल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्या आणि जोत्यावर डीपीसीची पट्टी टाकल्याशिवाय वीट चढवू देऊ नका. ओलसर भिंतीवर बुरशी येते, आणि दम्याच्या मुलाला पहिला त्रास तिथूनच होतो.

संडासाबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. "एकच मोठी टाकी बांधू, पन्नास वर्षं बघायला नको" असं म्हणतात. ती भरतेच. मग ती उपसायला कोण उतरतं, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. आत साचलेल्या विषारी वायूनं माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही मरतो. नव्या, न वापरलेल्या बंद टाकीतलं सेंट्रिंग काढायला उतरलेली माणसंही प्राणवायूअभावी दगावली आहेत. त्यापेक्षा दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. पाच माणसांना साधारण एक मीटर रुंद आणि तेवढेच खोल दोन खड्डे, भिंतीत जाळी, तळ कच्चा. एक भरला की दुसरा सुरू करा. पहिला दीड वर्ष बंद ठेवला की आतला मैला मातीसारखा होतो, कोरडा, वास नसलेला, शेतात टाकण्याजोगा. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून खड्डा रुंद खणून बांधकामाभोवती फूटभर रेती-गिट्टी भरा. विहीर किंवा बोर ३५ फुटांपेक्षा जवळ नको.

खिडक्या समोरासमोर दोन ठेवा. दाटीत जागा नसेल तर छताजवळ जाळीच्या विटा बसवा. टीबीचे जंतू कोंडलेल्या हवेत तासन् तास राहतात आणि आपल्या वस्त्यांत भिंतीला भिंत लागलेली असते. बाबासाहेबांनी राजगृह बांधताना पुस्तकांची सोय आधी पाहिली; आपल्याला निदान एक उजेडाची खिडकी पोरांच्या वहीसाठी ठेवता येईल. छत टिनाचं असेल तर मार्चमध्ये वरून चुन्याचे दोन हात द्या. जुने सिमेंटचे पत्रे काढताना फोडू नका आणि मशीननं कापू नका. ते ओले करून अख्खे उतरवा, त्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जन्मभर राहते.

शेवटी हात-पाय. घरचीच माणसं माल कालवतात, तेही अनवाणी. ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि लगेच दुखत नाही म्हणून संध्याकाळपर्यंत कळत नाही. नर्सिंगच्या नोकरीत मी पोटऱ्यांवर अशा खोल जखमा पाहिल्या आहेत. गमबूट आणि रबरी हातमोजे घ्या. बुटात माल गेला तर बूट काढून लगेच भरपूर पाण्यानं धुवा. हळद, तेल, टूथपेस्ट लावू नका. डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेलं तर चोळू नका. पापणी उघडी धरून २० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.