काचेतले प्रवाळ आणि रंगाचा प्रश्न

कोलकात्यातल्या बालीगंज सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. बालीगंज स्थानकावरून लोकल पकडली, की ढाकुरियानंतर जादवपूर येते. तिथे १९५० साली सुरू झालेली केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे. या टिपणात आपल्याला हे दोन्ही विषय लागतील, कारण प्रश्न असा आहे: हवामानबदलाविषयी सांगताना कलाकारांना प्रवाळ काचेत घडवावेसे का वाटते?

याची सुरुवात वर्गातल्या गरजेतून झाली. समुद्री प्राणी स्पिरिटमध्ये ठेवले, की रंग उडतो आणि शरीर आक्रसते. म्हणून ड्रेस्डेनचे लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ यांनी १८६३ पासून सुमारे १८९० पर्यंत अशा प्राण्यांच्या काचेच्या प्रतिकृती करून विकल्या. कॉर्नेल विद्यापीठाने १८८५ मध्ये असा संच घेतला. तिथल्याच ड्रू हार्वेल यांनी पुढे या प्रतिकृतींमधले प्राणी आज समुद्रात दिसतात का, याचा शोध घेतला. त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१६ चे आहे.

आता रंगाकडे या. काचेत निळा रंग कोबाल्टमुळे येतो, जांभळा मँगनीजमुळे. हे आयन काचेच्या जाळ्यातच बसलेले असल्याने रंग टिकतो. (ब्लाश्कांनी बराच रंग वरून लावला, ते वेगळे.) प्रवाळाचा रंग मात्र बराचसा भाडेकरूचा असतो. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला रंगही देते आणि अन्नाचा मोठा वाटाही. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा साधारण १ अंश सेल्सियसने काही आठवडे वर राहिले, की हे शैवाल बाहेर पडते. उरते पारदर्शक ऊतक आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. यालाच विरंजन म्हणतात. २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन जाहीर झाले. लक्षद्वीपलाही त्याची झळ बसली.

उत्तरपत्रिकेत 'विरंजन म्हणजे प्रवाळाचा मृत्यू' असे लिहू नका. पांढरा पडलेला प्रवाळ काही काळ जिवंत, पण उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरू शकतो. ही मधली अवस्था रंगहीन काच जितकी नेमकी दाखवते, तितके प्लास्टर दाखवू शकत नाही.

पण काच स्वतः निर्दोष नाही. नेहमीच्या काचेच्या कच्च्या मालात वाळू आणि सोडा ॲश यांच्याबरोबर चुनखडी असते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच. भट्टीत १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा धूर वेगळाच. फुटक्या काचेतून हा वायू पूर्वीच निघून गेलेला असतो आणि ती वितळायलाही कमी ऊर्जा लागते. तेव्हा काचेचा प्रवाळ पाहिलात, तर तो नव्या मालाचा की भंगार काचेचा, हे जरूर विचारा. माझ्या मते कलाकृतीच्या पाटीवर ते लिहिलेलेच असावे.

सोडा ॲशचा रेणुभार १०६ धरून हेच गणित आता तुम्ही करून पाहा.