चमत्कार : आधी पारख, मग साक्ष

प्रार्थनासभेत कोणी कुबड्या टाकून चालू लागतं, व्हॉट्सॲपवर अश्रू ढाळणाऱ्या पुतळ्याचा व्हिडिओ येतो, आणि श्रद्धाळू माणसाची पंचाईत होते. हात जोडावेत की प्रश्न विचारावेत? ख्रिस्ती परंपरेला या दोन्हींत विरोध दिसत नाही. तरीही काही समज हटता हटत नाहीत.

गैरसमज १ : शंका घेणं म्हणजे अविश्वास.

वस्तुस्थिती : प्रत्येक गोष्ट पारखून घ्या, असं पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला बजावलं होतं. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर येशूने त्याला याजकाकडे पाठवलं (मत्तय ८). त्या काळी रोग गेला की नाही, हे तपासून ठरवण्याचं काम याजकाचं होतं. इतकंच नव्हे, कोणाला काही सांगत बसू नकोस, अशी ताकीदही दिली.

गैरसमज २ : डॉक्टरांना कारण सापडलं नाही, म्हणजे चमत्कारच.

वस्तुस्थिती : फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळी १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तिथे नोंदले गेले; २०२५ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले फक्त ७२. कसोट्या अठराव्या शतकातल्या, पुढे पोप झालेल्या लांबेर्तिनी यांनी घालून दिलेल्या. आजार गंभीर हवा, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं, आणि ते औषधाच्या गुणाने झालेलं नसावं.

बर्नादेत मोरियो या फ्रेंच धर्मभगिनीचंच पाहा. मणक्याच्या तळाच्या मज्जातंतूंचा आजार, कंबरेला पट्टा, पाय वाकडा, वेदनेसाठी मॉर्फीन. २००८ च्या जुलैमध्ये, लूर्दहून परतल्यावर काही दिवसांनी, त्यांनी पट्टा काढला आणि औषधं थांबवली. बिशपनी चमत्कार जाहीर केला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली सगळी वर्षं तपासण्यांत गेली. डॉक्टर ‘चमत्कार’ असा शेरा मारतच नाहीत. आजच्या वैद्यकाला याचा उलगडा होत नाही, एवढंच सांगतात. पुढचा निर्णय बिशपचा.

गैरसमज ३ : मूर्तीतून पाणी आलं, ते डोळ्यांनी पाहिलं, आता पुरावा कशाला?

वस्तुस्थिती : डोळ्यांना पाणी दिसतं, त्याचा उगम दिसत नाही. मुंबईत इर्ला इथे २०१२ मध्ये चर्चच्या आवारातल्या क्रूसावरील येशूच्या पायांवरून पाणी ठिबकू लागलं. भाविक ते भरून नेऊ लागले. विवेकवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी करून सांगितलं, की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी, वातीत तेल चढावं तसं, भिंतीतून वर चढतंय. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते देश सोडून गेले. पण इथे आधी प्लंबरला बोलावण्यात श्रद्धेचं काहीच बिघडलं नसतं. व्हॅटिकननेही मे २०२४ च्या नव्या नियमांत सावध पवित्रा घेतला आहे. एखाद्या ठिकाणच्या भक्तीला हरकत नसली, तरी तिथली घटना अलौकिक असल्याची ग्वाही बिशप एरवी देणार नाहीत.

गैरसमज ४ : प्रचारकाने अनोळखी माणसाचं नाव, आजार बरोबर ओळखला, ही देवाचीच वाणी.

वस्तुस्थिती : अमेरिकेत पीटर पॉपॉफ हे प्रचारक भर सभेत लोकांची नावं, पत्ते, दुखणी अचूक सांगत. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभागृहात रेडिओ स्कॅनर लावला. ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज सापडला. लोकांनी सभेआधी दिलेली माहिती त्या वाचून दाखवत होत्या आणि पॉपॉफ यांच्या कानातल्या यंत्रात ती पोचत होती.

गैरसमज ५ : चमत्कार खरोखर घडला, तर तो करणारा देवाचाच माणूस.

वस्तुस्थिती : बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायानुसार, एखाद्याने सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं, तरी तो परक्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकायचं नाही. आपल्या नावाने अद्भुत कृत्यं करणाऱ्या काहींना आपण ओळखही देणार नाही, असं येशूने सांगून ठेवलं आहे (मत्तय ७). त्याआधीच तो झाड फळावरून ओळखायला सांगतो. म्हणून चमत्कारापेक्षा करणाऱ्याकडे पाहावं. शिकवण शुभवर्तमानाशी जुळते का? पैसा कुठे जातो? गाजावाजा कोणाच्या नावाचा होतो?

गैरसमज ६ : विश्वास पक्का असेल तर औषध लागत नाही, बरं झालं नाही, तर विश्वास कमी पडला.

वस्तुस्थिती : पौलाला आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेतच मिलेतात सोडून जावं लागलं. पोटाच्या तक्रारीसाठी त्याने तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. यांपैकी कोणाच्याही विश्वासावर त्याने बोट ठेवलं नाही. तेव्हा इन्सुलिन किंवा फिट्सच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या सभेतून सरळ उठून यावं. आणि बरं वाटलंच, तर साक्ष द्यायला उभं राहण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रिपोर्ट करून घ्यावेत. बरं होणं खरं असेल, तर रिपोर्टने ते खोटं ठरणार नाही.