मायक्रोवेव्ह सुरू होत नाही तेव्हा

नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीतील व्यापारी घरांत दुकानातून परतण्याची आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याची वेळ जवळजवळ एकच. नेमका त्याच वेळी मायक्रोवेव्ह रुसला, तर घाईने हात स्क्रूड्रायव्हरकडे वळतो. तो मोह आवरावा. दोष पुष्कळदा बाहेरच सापडतो.

प्रथम पडद्यावर आकडे उमटतात का, ते पाहावे. नसल्यास त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहावे. तेही बंद राहिले, तर एमसीबी पडला आहे का, ते तपासावे. वर उचललेला एमसीबी पुन्हा पडल्यास वायरमनलाच बोलवावे.

आकडे दिसूनही यंत्र चालत नसेल, तर दार पाहावे. दार पूर्ण मिटून त्यामागील स्विच दाबले गेल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. फटीत अडकलेला खाकऱ्याचा तुकडाही त्यास पुरतो. प्लग काढून ती कड पुसावी. कुलपाचे चिन्ह दिसल्यास चाइल्ड लॉक लागलेले असते. अनेक यंत्रांत ठरावीक बटण काही सेकंद दाबल्यास ते सुटते.

एवढ्याने भागले नाही, तर तेथेच थांबावे. घरातील वीज २३० व्होल्टची. यंत्रात ती २००० व्होल्टच्याही पुढे जाते, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो भार धरून ठेवू शकतो. त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. आवरण जाणत्या कारागिरानेच उघडावे. त्या दिवशी थाळी गॅसवर गरम करावी. दुरुस्तीचे पैसे वाचविण्यासाठी जीव तारण ठेवण्याचा सौदा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही.