जुन्या रुळांच्या वाटेवर, चाकांच्या बुटांनी

उन्हाळ्याची सुटी आली की आपल्या बहुतेक घरांत दोनच बेत ठरलेले असतात: भारतवारी, नाहीतर भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा. तिसरा बेत सुचवण्यासाठी हा लेख. पायात इनलाइन स्केट्स चढवून, वाटाड्याच्या सोबतीने, चार-पाच दिवस झाडीतून आणि तळ्याकाठून हिंडायचे. नुसते वाचूनच काही वाचकांच्या गुडघ्यांत कळ आली असेल, पण जरा धीर धरावा.

एका ओळीत चाके बसवलेले हे बूट १९८०च्या सुमारास मिनेसोटातल्या ऑल्सन बंधूंनी नव्याने प्रचारात आणले. आइस हॉकीच्या खेळाडूंना उन्हाळ्यात बर्फाविना सराव करता यावा, हा हेतू. आपली मुले ते वाढदिवसाला मागून घेतात आणि ड्राइव्हवेवर गोल गोल फिरतात. त्यावरून प्रवासही करता येतो, हे सहसा सुचत नाही, कारण तसा रस्ता सहज दिसत नाही: गुळगुळीत, मोटारी नसलेला आणि मुख्य म्हणजे सपाट.

असा रस्ता आयता करून ठेवला तो आगगाडीने. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड बेताचीच असते, त्यामुळे इंजिनाला मोठा चढ झेपत नाही. बोरघाटात सुमारे ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तर तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावतात. कर्जतला वडा खाता खाता आपण ते पाहिलेले आहे. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी जागोजागी टेकड्या कापल्या, खोलगट भागात भराव घातले. अमेरिकेत पुढे अनेक मार्ग बंद पडले. १९८३ साली काँग्रेसने कायद्यात सोय केली, की असा मार्ग उद्या रेल्वेला पुन्हा लागू शकेल या अटीवर तोवर तो वाट म्हणून राखता यावा. चढ मंद, तेव्हा उतारही मंद. आणि नवशिक्याला धास्ती असते ती उताराचीच.

मॅसॅच्युसेट्समधली केप कॉड रेल ट्रेल ही अशीच वाट. इथली आगगाडी १८६५ साली ऑर्लीन्सला आणि १८७३ साली टोकाच्या प्रॉव्हिन्सटाउनला पोचली. आज यार्मथपासून वेलफ्लीटपर्यंत सुमारे २५ मैल डांबरी वाट आहे. हारविचच्या आसपास क्रॅनबेरीची खाचरे लागतात. ब्रूस्टरला निकर्सन पार्कातली तळी आहेत. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे प्रचंड तुकडे मातीत गाडले गेले आणि ते वितळून हे खळगे झाले. ईस्टहॅमला सॉल्ट पाँडपासून समुद्राकडे एक फाटा जातो. तो रेल्वेचा नव्हे, त्यामुळे चांगलाच वरखाली होतो. तिथे नवख्यांनी बूट काढून सरळ चालत जावे. पुढे साउथ वेलफ्लीटला मार्कोनीच्या बिनतारी केंद्राची जागा आहे. १९०३ साली प्रेसिडेंट रूझवेल्टचा संदेश तिथून इंग्लंडच्या राजाला गेला होता.

वाट इतकी सरळ, मग वाटाड्याला पैसे कशाचे? माझ्या मते थांबायला शिकवण्याचे. पळायला कोणीही शिकतो. पहिली सकाळ रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जाते: गुडघे वाकवा, ब्रेकचा पाय पुढे सरकवा, चवडा उचला, टाचेमागचे रबर जमिनीवर दाबा. हे शंभरदा. मग पडायचे कसे, तेही. आधी गुडघ्यांवर, मागे कधीच नाही. वाळू कुठे पसरते, मुळांनी डांबर कुठे फुगले आहे, मोटारींचा रस्ता केव्हा आडवा येतो, हे वाटाड्याला ठाऊक असते. दमलेल्यांना आणि स्केट्स न घालणाऱ्या आजी-आजोबांना घ्यायला मागून व्हॅन येते. एक वाटाड्या पुढे, एक सर्वांत मागे, अशी व्यवस्था आहे ना, हे नोंदणीपूर्वी जरूर विचारावे. मनगटपट्ट्यांची सक्ती आहे का, हेही. १९९६च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या अभ्यासात ते न वापरणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला. संगणकावर बसून पोट भरणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

आपल्याकडे मुले स्केटिंग शिकतात, स्कीइंग शिकतात, आणि आपण कडेला त्यांचे कोट सांभाळत उभे राहतो. इथे आईबाबा आणि बारा वर्षांची लेक एकाच वर्गात असतात. बहुधा लेक पुढे जाते आणि वळून ‘बाबा, गुडघे वाकवा’ म्हणून ओरडते. आणखी चार वर्षांनी ती आपल्याबरोबर सुटीला येईलच, याची खात्री कोणी द्यावी?

स्केट्स भाड्याने घेतल्यास महिनाभर आधी एकदा तासभर घालून पाहावेत. घोट्याला चावणारा बूट पंधराव्या मैलावर फार चावतो. ब्रेकचे रबर झिजले असेल तर बदलून घ्यावे. आणि पाऊस पडला तर त्या दिवशी सायकली काढाव्यात, कारण ओल्या डांबरावर ही चाके धरत नाहीत.