आठवण ठेवावी घराने

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण किती सहजपणे वापरतो! चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, असे कुणाचे झाले की घरातली मंडळी हसून ही म्हण म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘म्हातारचळ’. हा शब्द मात्र आवाज खाली आणून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने उच्चारला जातो. या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी एक आजार असतो आणि तो झालेल्या माणसाला सकाळी दात घासण्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत मदत लागते, हे काही आपल्या म्हणींनी आपल्याला सांगितलेले नाही.

जर्मनीतील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराच्या एका रुग्ण स्त्रीची हकिगत डॉक्टरांच्या सभेत मांडली. पुढे त्यांचेच नाव आजाराला मिळाले. स्मृतिभ्रंशाचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण. मेंदूचा रक्तपुरवठा ठिकठिकाणी तुटणे, पार्किन्सनसारखे विकार ही आणखी काही कारणे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर जणांमागे सातांहून थोड्या अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा सुमारे ८८ लाख. म्हणजे आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात कुणीतरी असणारच.

पण मला आज लिहायचे आहे ते जरा वेगळ्या अडचणीविषयी. स्मरण गेले पण पाय धड आहेत, तर माणूस बाहेर भरकटेल ही भीती. पाय गेले पण स्मरण धड आहे, तर माणूस हाक मारून मदत मागतो. दोन्ही एकदम गेले की मात्र विचित्रच होते. आपल्याला चालता येत नाही, हेच माणूस विसरतो!

आमच्या सासूबाईंचे, माईंचे, असेच झाले. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माई २०११ ते २०१८ अशी सात वर्षे या अवस्थेत आमच्या डोंबिवलीच्या घरी होत्या. विसरभोळेपणा वाढत होताच. त्यात पडून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. दर वेळी उठताना माई वॉकर विसरत. माझ्या दिरांनी भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावली: ‘वॉकर घेऊन चालावे’. माईंनी ती वर्गात वाचून दाखवावी तशी खणखणीत आवाजात वाचली, ‘अक्षर बरं आहे हो,’ म्हणून शेरा दिला आणि भिंतीला धरून चालू लागल्या!

या पाटीने आम्हाला एक गोष्ट शिकवली. जी मदत घेण्यासाठी माणसाला काही लक्षात ठेवावे लागते, ती इथे मदतच नव्हे. लक्षात ठेवायचे काम घराने करायचे. वॉकर पलंगाच्या अशा कडेला हवा, की पाय खाली सोडले की हात आपोआप त्याच्यावरच पडेल.

आधी डॉक्टर, मग सुतार

घरात फेरफार करण्याआधी नीट तपासणी मात्र हवी. ‘वयच झालं आता,’ असे म्हणून बसू नये. ब-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने स्मरणावरही परिणाम होतो आणि पायांवरही. शाकाहारी घरांत तर याकडे लक्ष हवेच. थायरॉइडचे दुखणे, औषधांचा एकमेकांशी न जुळणारा मारा, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, ही कारणे वेळीच कळली तर उपाय असतात. चाल अडखळती होणे, लघवीवर ताबा नसणे आणि विसरणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर मेंदूत पाणी साठल्याची शंका डॉक्टरांना घेऊ द्यावी. काही रुग्णांना शस्त्रक्रियेने फरक पडतो. आणि एक खूणगाठ बांधून ठेवावी: कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक भलतेच बरळू लागला, तर तो आजार ‘वाढला’ असे समजू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, शरीरातले पाणी कमी होणे, तुंबलेले पोट अशी कारणे त्यामागे बरेचदा असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मग घराकडे वळावे. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे न्हाणीघर. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे, ती उपटून हातात येते. भिंतीत पक्के बसवलेले दांडे हवेत, एक कमोडशेजारी आणि एक आंघोळीच्या जागी. पाटाऐवजी पक्क्या पायांची खुर्ची, तिच्याखाली रबराची चटई. आतली कडी काढून टाकावी, कारण लावलेली कडी कशी काढायची हे आतला माणूस विसरू शकतो. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड अशा रुग्णांना चटकन दिसतच नाही. आम्ही गडद निळी बैठक बसवली आणि माईंचा गोंधळ बराच कमी झाला. उलट, दारातले काळे पायपुसणे काहींना खड्ड्यासारखे भासते आणि त्यांचे पाऊल अडते. तसेही सुटी पायपुसणी, वायरी आणि बुळबुळीत चपला घरातून हद्दपारच व्हायला हव्यात.

पलंगाची आणि खुर्चीची उंची अशी हवी, की बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. खुर्चीला हात हवेतच. पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. माईंची पाचवारी साडी पायांत येई. पुढून बटणे असलेले, घोट्याच्या वर राहणारे गाऊन शिवले. त्या आधी नाखूश होत्या. ‘हे काय परकर-पोलकं?’ म्हणाल्या. मग गाऊनला त्यांच्या आवडत्या इरकली काठाची पट्टी लावली, तेव्हा कुठे मान्यता मिळाली.

उचलू नका, उठवा

हाताला धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे, दोन्ही वाईट. त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर जाते. आमच्या फिजिओथेरपिस्टनी शिकवलेली रीत अशी: आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचे, पाय थोडे मागे घ्यायचे, खुर्चीच्या हातांवर तळवे टेकायचे आणि नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे वाकून उठायचे. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती पुरी होईपर्यंत थांबावे. ‘पुढे सरका, पाय मागे घ्या आणि उठा’ असे एका दमात सांगितले, तर त्यातले पहिले दोन शब्द पोचतात. माईंना कवायतीतले आकडे पक्के लक्षात होते. त्यामुळे ‘एक, दोन, तीन’ त्या स्वतःच म्हणत आणि तीनला उठत.

काठीची मूठ माणूस ताठ उभा असताना मनगटाच्या घडीशी यावी आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सोबत्याने नेहमी एक पायरी खाली राहावे. जेवण बसूनच, लहान घासांनी, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला व्रण होतात.

आठवण जाते तरी हाताची सवय बराच काळ टिकते. नातवाचे नाव न आठवणाऱ्या माई मटार सोलत, वाती वळत, उपरण्याच्या घड्या घालत. आपण पाच मिनिटांत करू ते काम त्यांना तासभर पुरे. पण ‘राहू द्या, मी करते’ हे वाक्य तोंडाशी आले की गिळावे. जे येते ते हातातून काढून घेतले की तेही जाते.

कातरवेळ

दिवस कलला की अशा रुग्णांची घालमेल वाढते. कातरवेळ हा आपल्या भाषेतला शब्द या अवस्थेला किती नेमका लागू पडतो! संध्याकाळी सहाच्या सुमारास माई म्हणत, ‘मला वाईला जायचंय. आई वाट बघत असेल.’ त्यांच्या आई कधीच गेल्या होत्या. ते सांगावे, तर माणसाला रोज नव्याने आईच्या मृत्यूची बातमी दिल्यासारखे. मी दिवे लवकर लावी, पडदे ओढी आणि विचारी, ‘माई, तुमचं वाईचं घर घाटाजवळ होतं ना?’ मग कृष्णेचे पाणी, ढोल्या गणपती, घाटावरचे धुणे असे सगळे निघे. बोलता बोलता जेवणाची वेळ होई.

‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न पाहुण्यांनी कृपा करून विचारू नये. ती परीक्षा असते आणि समोरचा माणूस नापास होणार हे आपल्याला ठाऊक असते. ‘माई, मी तुमची भाची, पुण्याहून आले,’ असे सरळ सांगावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेला संस्कृत पंडित उभा केला आहे. हत्तीमागे निघून गेलेल्या त्या पंडिताला माहुताची बायको लेकरासारखे सांभाळते. तो आधी कोण होता, हे तिला ठाऊकच नसते. आपल्याला मात्र ते ठाऊक असते आणि आपली निम्मी चिडचिड त्यातूनच येते.

रात्र आणि ओढणी

सर्वांत कठीण रात्र. माई दोन-तीनदा उठत आणि वॉकरशिवाय निघत. एकदा रात्रपाळीच्या बाईंनी सुचवले, ‘ओढणीनं पलंगाला सैलसं बांधू या. सगळीकडं तसंच करतात.’ त्या बाई दुष्ट नव्हत्या, दमलेल्या होत्या. आम्हीही दमलो होतो. माईंचे दुसरे हाड मोडले असते तर? घरात त्यावर बराच खल झाला. यांचे म्हणणे एवढेच होते, की जिने चाळीस पोरांचा वर्ग कधी छडीने राखला नाही, तिला आपण बांधायचे कसे? आणि बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो, त्यातही इजा होते.

मग वेगळी वाट काढली. पलंगाची उंची रात्रीपुरती कमी केली, शेजारी जाड गादी टाकली. चादरीच्या कडेला घुंगरांची माळ बांधली. चादर सरकली की शेजारच्या खाटेवर झोपलेल्याला जाग यावी. आणि मुख्य म्हणजे त्या उठतात का, हे पाहिले. उठण्याला कारण असते. लघवी, तहान, उकाडा, दुखणारा खुबा. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला, झोपण्याआधी आणि मग रात्री एकला व चारला कमोडच्या खुर्चीवर स्वतःहून बसवू लागलो. उठणे थांबले नाही, पण एकट्याने उठणे जवळजवळ थांबले.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

‘सूनबाई आहेत म्हणून बरं,’ हे वाक्य ऐकायला गोड, पण त्यात एक सुटका लपलेली असते. हे काम एका माणसाचे नव्हे. आमच्याकडे रविवार दिरांचा ठरला, औषधांचा सात खणांचा डबा भरणे नातवाकडे आणि वर्षातून पंधरा दिवस नणंदेने येऊन राहायचे. कागदावर लिहिले म्हणून ते टिकले.

व्यवहारही वेळेवर उरकावेत. माणसाला समजते आहे तोवर मृत्युपत्र, बँकेत संयुक्त खाते, वारसनोंद हे सारे करून घ्यावे. ‘मुखत्यारपत्र आहे ना,’ म्हणून निर्धास्त राहू नये. ते देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्याने त्या पत्राचाही अंमल संपतो. माहितीसाठी केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. १९९२ पासून काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्थाही कुटुंबांना मार्गदर्शन करते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची देणारी ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ २०१७ मध्ये सुरू झाली.

या आजारात बरे होण्याची आशा फारशी नसते. म्हणून अनेकांना वाटते, की मग इतका खटाटोप कशाला? त्याचे उत्तर मला शेवटच्या वर्षात मिळाले. माईंना आम्ही कोण हे कळत नव्हते, पण आपल्याला कोणी हिसका मारला की हळुवार हात लावला, एवढे नेमके कळत होते. हिसका बसला की त्या अंग आखडून घेत. हात हळुवार असला तर तोच हात धरून ठेवत. नावे गेली, नाती गेली. तेवढी ओळख मात्र टिकून होती. आपल्या घरातल्या थकल्या माणसाशी आपल्याला तेवढ्याच ओळखीवर उरलेला रस्ता चालायचा असतो. पायपुसणे काढून ठेवले आणि दिवा लावला, तर तो जरा सोपा जातो.