हत्यारांची निगा (भाग ६) : लहान वस्तऱ्याला नवे काम

मागच्या आठवड्यात आपण भातकापणीच्या विळ्याबद्दल वाचले. आज त्याहून पुष्कळ नाजूक पाते हातात घेऊ.

कर्जत तालुक्यातल्या माथेरानला एका नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. ते वकील झाले, त्यांनी ब्रिटिशांविरुद्ध लढणारा आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. ज्या मुलखाने असा माणूस दिला, तिथे नाभिकाच्या धोकटीतले हत्यार भंगारात जाताना पाहून वाईट वाटते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या धोक्यामुळे सलूनमध्ये बदलता येणाऱ्या ब्लेडचा वस्तरा आला, हे योग्यच झाले. जुना वस्तरा मात्र एकाच माणसाच्या खासगी वापरासाठी अजून उत्तम आहे. छाती, काख, मानेची मागची बाजू अशा जागी रुंद पाते अडते, अरुंद पाते सहज वळते.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. दाढीसाठी पाच-अष्टमांश, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरचे पाते सर्रास वापरतात. अंगासाठी चार-अष्टमांश, म्हणजे १३ मिलिमीटरच्या आतबाहेरचे पाते निवडावे.

आधी भिंगातून धार नीट पाहा. पात्याला चीर असेल तर दुरुस्ती नाही, तो वस्तरा वापरूच नये. पृष्ठभागावरचा तांबूस गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो. पण गंजाचे काळे खड्डे थेट धारेपर्यंत पोचले असतील, तर तेवढे पोलाद झिजवल्याशिवाय धार धरत नाही. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल तर तीही तपासा. हे प्लॅस्टिक कुजू लागले की आम्लाची वाफ सोडते आणि पाते आतून खाते. अशी मूठ काढून शिसवीच्या किंवा सागाच्या पातळ पट्ट्या बसवाव्यात आणि पितळी तारेच्या रिव्हेटने जोडाव्यात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वस्तऱ्याची धार त्याच्या पाठीवर अवलंबून असते. दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली असतात, म्हणून कोन आपोआप ठरतो. यंत्राच्या चाकावर धरले की हा कोन मोडतो आणि पातळ धार तापते. पोलाद निळे पडले की त्या जागेचा कडकपणा गेला. तो दगडावर घासून परत येत नाही. म्हणून कामाला हात आणि पाणी वापरावे. १००० नंबरच्या दगडावर धार घडवावी, मग ४००० आणि ८००० वर गुळगुळीत करावी. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकते. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, धार मागे. पट्ट्यावर धार पुढे गेली तर चामडे कापले जाते आणि धारही जाते.

अंगाच्या कामासाठी एक बदल आवश्यक आहे: पात्याचे टोकदार नाक दगडावर अलगद फिरवून गोल करावे. काखेच्या खळग्यात हेच टोक आधी रुतते. केस आधी कात्रीने आखूड करावेत, अंघोळीनंतर कातडी ताणून धरावी आणि केसांच्या दिशेनेच वस्तरा चालवावा. जांघेतल्या घड्यांसाठी वस्तरा वापरू नये. पावसात गजकर्ण झाले असेल तर ते बरे होईपर्यंत त्या जागी पाते लावू नये.

राहिला प्रश्न आपल्या पावसाचा. जून ते सप्टेंबर कर्जत-खालापूर भागाच्या दमट हवेत कार्बन पोलाद एका रात्रीत डागाळते. वापरल्यावर धुऊन, पुसून, शिलाई मशीनचे तेल लावून वस्तरा न्हाणीघराबाहेर कोरड्या जागी ठेवावा. खोबरेल खवट होते, म्हणून ते टाळावे. वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नये, घरातल्या माणसालाही नाही.

जुने पाते वाचवणे म्हणजे त्याला चकाकी आणणे नव्हे. जितके पोलाद वाचेल, तितकी त्या वस्तऱ्याची वर्षे वाढतील, आणि दगडावरचा प्रत्येक जादा फेरा ती कमी करतो. पुढच्या आठवड्यात चामड्याच्या पट्ट्याची निवड आणि निगा पाहू.