कर्मचाऱ्याचे वाहन, चिकित्सालयाचे काम : वैद्य व औषधी विक्रेत्यांची जबाबदारी

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांतील उपस्थाता म्हणजे आजच्या व्यवहारात चिकित्सालयातील मदतनीस, पंचकर्म परिचारक किंवा औषधी दुकानातील कर्मचारी. जामखेडसारख्या तालुक्यात त्याचे काम चिकित्सालयाच्या चार भिंतींत संपत नाही. खर्डा, नान्नज, अरणगाव, हळगाव येथील रुग्णांच्या घरी अभ्यंग-स्वेदनासाठी तोच जातो, सुमारे ७५ किलोमीटरवरील अहिल्यानगरहून औषधांचे खोके तोच आणतो आणि बँकेतला भरणाही तोच करतो. ही सर्व कामे बहुधा त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलवर, क्वचित मोटारीतून होतात. पेट्रोलचे पैसे दिले म्हणजे आपला संबंध संपला, अशी अनेकांची समजूत आहे. कायद्याच्या दृष्टीने ती टिकत नाही. म्हणून या विषयाची थोडक्यात मांडणी येथे केली आहे.

वाहन त्याचे, काम आपले

अपघातानंतर दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न तिऱ्हाइताचा, म्हणजे ज्याला धक्का लागला त्या पादचाऱ्याचा किंवा सायकलस्वाराचा. दुसरा प्रश्न खुद्द कर्मचाऱ्याचा.

तिऱ्हाइताच्या बाबतीत मालकाच्या प्रातिनिधिक दायित्वाचे तत्त्व लागू होते. नोकराने नोकरीच्या कामाच्या ओघात हयगयीने केलेल्या कृत्याबद्दल मालकासही जबाबदार धरता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये एका कंपनीच्या व्यवस्थापकाच्या हातून झालेल्या मोटार अपघातात याच तत्त्वावर कंपनीस उत्तरदायी ठरविले होते. त्या प्रकरणातील मोटार कंपनीची होती हे खरे. परंतु तत्त्वाचा गाभा ‘काम कोणाचे चालले होते’ हा आहे. वाहनाचा विमा चालू असेल तर तिऱ्हाइताची भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते. विमा संपलेला असेल, तर मात्र दावेदाराची नजर ज्याच्या कामासाठी वाहन निघाले होते त्याच्याकडे वळणे स्वाभाविक आहे.

शेजारच्या जिल्ह्यातील एक निकाल

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या इजेबाबत आपल्या शेजारच्या, त्या वेळच्या उस्मानाबाद व आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एक प्रकरण प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. साखर कारखान्यातील एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे अपघातात मरण पावला. भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये त्याच्या कुटुंबास ३,२६,१४० रुपये व त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. पुढे २०११ मध्ये उच्च न्यायालयाने, अपघात कामाच्या ठिकाणी झाला नाही, या कारणाने तो आदेश रद्द केला. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघात, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीच्या ओघातील अपघात मानावा, असा या निकालाचा आशय आहे. कुटुंबाला हा न्याय मिळण्यास बावीस वर्षे लागली.

घरून कामावर येतानाचा प्रवास जर या कक्षेत येऊ शकतो, तर आपण स्वतः सांगितलेल्या कामासाठी दुपारी चिकित्सालयातून निघालेल्या कर्मचाऱ्याविषयी शंकेला फारशी जागा उरत नाही.

भरपाईचा हिशेब

१९२३ च्या भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासाची तरतूद आता संहितेतच स्पष्टपणे आहे. भरपाईचे सूत्र पूर्वीचेच आहे : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तीस वर्षे वयासाठी हा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे दरमहा १२,००० रुपये वेतन असलेल्या तीस वर्षांच्या कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास ही रक्कम १२,४७,८८० रुपये, आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास १४,९७,४५६ रुपये होते. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत न दिल्यास १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढीव रक्कमही द्यावी लागू शकते. लहान चिकित्सालयाची अनेक वर्षांची बचत एवढ्याने संपते.

ही तरतूद संहितेच्या अनुसूचीत मोडणाऱ्या कामांना लागू होते. आपल्याकडील कोणते पद तीत बसते, हे वकिलाकडून एकदा तपासून घ्यावे. ज्या आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली आहेत, तेथे विमाधारक कर्मचाऱ्यास लाभ त्या योजनेतून मिळतो.

मद्यपान किंवा सुरक्षेसाठी दिलेल्या स्पष्ट आदेशाचा हेतुपुरस्सर भंग, ही कारणे मालकास बचाव म्हणून घेता येतात. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास हा बचाव चालत नाही. ‘हेल्मेट घालण्यास सांगितले होते’ एवढ्यावर मालक सुटत नाही, हे यावरून उघड आहे.

पॉलिसीतील दुर्लक्षित अट

खासगी वाहनाच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने वाहतूक आणि मालाची वाहतूक त्यांत वर्ज्य असते. अपवाद असतो तो नमुने आणि वैयक्तिक सामान यांचा. परिचारकाची पिशवी किंवा विक्री प्रतिनिधीचे नमुने यांची अडचण नाही. परंतु आसव-अरिष्टांच्या बाटल्यांचे खोके नियमितपणे खेडोपाडी पोहोचविणे ही मालवाहतूक ठरते आणि अपघातानंतर विमा कंपनी यावर बोट ठेवते. नियमित माल पोहोचवायचा असेल, तर मालवाहू म्हणून नोंदलेले वाहनच वापरावे.

वाहनमालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही नीट समजून घ्यावे. वाहन ज्याच्या नावावर आहे तोच ते चालवीत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल, तरच ते लागू होते. भावाच्या किंवा वडिलांच्या नावावरील मोटारसायकल घेऊन आलेल्या मदतनिसाला त्याचा उपयोग नाही. केवळ तिऱ्हाइतापुरता विमा असलेल्या दुचाकीवर मागे बसलेल्या सहकाऱ्यालाही त्या पॉलिसीतून संरक्षण मिळत नाही.

प्रत्यक्षात काय करावे

१. कर्मचाऱ्याचा परवाना, वाहनाचे नोंदणीपत्र, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या प्रती घ्याव्यात आणि मुदत संपण्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात.

२. कागदपत्रांची मुदत संपली असेल, तर त्या वाहनावरून काम सांगू नये. त्या दिवशी एस. टी. ने किंवा रिक्षाने पाठवावे.

३. भारतीय मानक चिन्ह असलेले हेल्मेट मालकाने स्वखर्चाने द्यावे. कायद्याने ते मागे बसणाऱ्यासही आवश्यक आहे.

४. बाहेरच्या कामाची नोंदवही ठेवावी : तारीख, वेळ, ठिकाण, काम व किलोमीटर. अपघात कामावर असताना झाला की नाही, हा वाद तिच्यामुळे मिटतो.

५. भत्ता केवळ पेट्रोलपुरता न देता टायर, दुरुस्ती व विमा यांचा वाटा धरून किलोमीटरप्रमाणे द्यावा. परवडत नाही म्हणून ब्रेक न दुरुस्त केलेले वाहन आपल्याच कामासाठी रस्त्यावर येते.

६. मालकाने कर्मचारी भरपाई विमा व सर्व कर्मचाऱ्यांसाठी समूह अपघात विमा घ्यावा.

७. गळीत हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. अशा काळात अंधार पडल्यावर खेड्यावर काम सांगू नये आणि गाडी चालविताना कर्मचाऱ्यास फोन करू नये.

८. अपघात झाल्यास उपचार, पोलिसांत नोंद आणि विमा कंपनीस कळविणे, हा क्रम पाळावा. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार मिळतात. ही माहिती कर्मचाऱ्यांच्या घरीही असावी.

व्याधी झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा निदानपरिवर्जन श्रेष्ठ, हे आपण रुग्णाला रोज सांगतो. येथे निदान म्हणजे संपलेला विमा, झिजलेला टायर आणि मालकाची घाई. ही तिन्ही कारणे टाळणे आपल्या हातात आहे. उपस्थाता हा चिकित्सेचा पाद आहे. त्याला सुखरूप घरी पोहोचविणे हे आपल्या कर्तव्याचेच अंग होय.